रोहिणीत आलेला प्रश्न आणि मृगापासूनची वही

रत्नागिरीजवळच्या एका गावातून एका बाईंचं पत्र आलंय. पंधरा वर्षं पुण्यात ग्राफिक डिझाइन केलं आणि आता घरच्या आंब्याच्या धंद्यात हातभार लावायला त्या गावी परतल्यात. पेट्यांची लेबलं, हॉटेलांचे फलक अशी कामं अजून चालू आहेत. तक्रार अशी की कामाचं चित्र झटक्यात होतं, पण स्वतःसाठी पेन्सिल उचलली की हात अडतो. कॉलेजात असताना तासन्‌तास काढत बसायच्या, ती मजा कुठे गेली कळत नाही. ऋतूंची एक वही करावी असं मनात आहे. सुरुवात कुठून करू, कागद कोणता, कोकणातल्या पावसात तो टिकेल का, रोज काढायलाच हवं का, लोकांना दाखवू का, आणि पुढे त्यातून कॅलेंडर निघेल का, हे त्यांचे प्रश्न. मी वेंगुर्ल्यात राहते, पुस्तकांसाठी चित्रं काढते, शिकवते आणि अशा वह्या बरीच वर्षं भरत आलेय. तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

हात अडतो तो आळसामुळे नाही, आणि तुमची कला आटलीय असंही मला वाटत नाही. इतकी वर्षं तुम्ही पहिली रेघ ओढायच्या आधीच मनात हिशेब मांडत आलात: हे कोण पास करणार, कुठे छापणार, कधीपर्यंत हवं. ही सवय पगाराबरोबर अंगात मुरते. आता पडवीत बसून जास्वंद काढायला घेतली तरी पाठीमागे कोणीतरी उभं राहून ‘मॅडम, जरा फ्रेश करता येईल का’ म्हणत असतं. त्याला हाकलायच्या भानगडीत पडू नका, तो जात नाही. त्याला पास-नापास करता येईल असं काही समोर ठेवूच नका, म्हणजे झालं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एकच अट घालते. या वहीत चित्र काढायचं नाही, नोंद करायची. ‘भारंगी फुलली’ ही नोंद. तिच्यासोबत फुलाची आकृती, कारण शब्दांत सगळं मावत नाही. पाकळ्या फिकट निळ्या आणि खालची एकच गडद, हे लिहून ठेवा. पानं समोरासमोर दोन आहेत की एका पेरावर तीन, हे मोजा. भारंगीला दोन्ही सापडतात. आता ही आकृती बरोबर की चूक हे ठरवायला त्या झाडापाशी जावं लागतं, कोणाच्या आवडीनिवडीला तिथे जागाच राहत नाही. रेघ वाकडी गेली तरी पानं तीन होती ही माहिती खरीच राहते. तुमच्यासारख्या सराईत हाताला मी हे मुद्दाम सांगते, कारण सराईत हात न बघताच फूल काढतो. लेबलवर आंबा काढताना तुम्ही शेवटचं आंब्याकडे कधी बघितलं होतं? गेली म्हणताय ती मजा बहुतेक हातात नव्हतीच, बघण्यात होती. कामाच्या घाईत आधी कशावर काट बसते तर बघण्यावर.

आता वहीचा आराखडा. ऋतूंची वही म्हटलं की लोक उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन भाग करतात, नाहीतर वसंत-ग्रीष्म असे सहा. माझा अनुभव आहे की दोन महिन्यांचा तुकडा फार मोठा पडतो. माणूस ‘अजून वेळ आहे’ म्हणत राहतो आणि सुरंगीचा फुलोरा संपून जातो. उलट रोजचा नेम केला की दुसऱ्या आठवड्यातच तो मोडतो. या दोहोंच्या मधलं माप आपल्या शेतकऱ्यांनी कधीपासून वापरलंय: सूर्याची नक्षत्रं. वर्षाला २७, प्रत्येक साधारण साडेतेरा दिवसांचं. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आणि असंच पुढे फिरत पुढच्या मे अखेरीस रोहिणी. एका नक्षत्राला वहीची समोरासमोरची दोन पानं. त्या साडेतेरा दिवसांत कधीही, कितीही वेळा बसा, पण जागा तेवढीच. नक्षत्र बदललं की पान उलटायचं, मग ते भरलेलं असो वा नसो.

पंचांगाचा आणखी एक उपयोग. पावसाच्या नक्षत्रांना वाहनं दिलेली असतात: बेडूक, गाढव, म्हैस, मेंढा, मोर, उंदीर. दर वर्षी बदलतात. नक्षत्र लागलं की डाव्या पानाच्या कोपऱ्यात ते वाहन आठवणीतून काढायचं, काही न बघता, दोन मिनिटांत. गाढव आठवणीतून काढून बघाच. इतकं हास्यास्पद होतं की कोऱ्या पानाची भीती तिथेच संपते, आणि वहीत पहिली रेघ पडलेली असते. माझ्या वर्गातली मोठी माणसं या गाढवापाशी जितकी हसतात तितकी एरवी हसत नाहीत.

दोन पानांत आणखी काय काय? एक गोष्ट जी नव्याने आली, एक जी गेली. मृगात लाल मखमलीचा मृगाचा किडा, तरव्याचे, म्हणजे लावणीआधी पेरलेल्या भाताच्या रोपांचे कोंब, ओहोळातून वर येणारे चढणीचे मासे. आणि गेलं काय, तर शेवटची करवंदं. बाकी जागा तुमची. एक पट्टी मात्र मी सगळ्यांना करायला लावते: पानाच्या तळाशी पाच चौकोन, त्या पंधरवड्यात दिसलेल्या पाच रंगांचे. चित्र काढावंसं वाटत नाही त्या दिवशी निदान एक चौकोन भरावा. कोकणात वर्षभर हिरवंच असतं असं म्हणणाऱ्याला ही पट्टी दाखवावी. तरव्याचा हिरवा जवळजवळ पिवळा असतो. लावणी झाली की रोपं काही दिवस मान टाकतात, रंग मळकट होतो, मग मुळं धरली की एकदम काळपट हिरवं. उत्तरा-हस्तापर्यंत त्यात ओकर शिरतो. फक्त भाताचेच चार-पाच हिरवे झाले, माड, फणस, काजू, शेवाळ अजून बाकीच आहेत. ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन यातल्या एकाचाही नाही. तो डबीतून काढूनच टाका. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन घ्या, आणि हिरवा फार ओरडायला लागला तर त्यात बर्न्ट सिएना. यलो ओकर आणि क्रिमझन धरून पाच रंग पुरतात. पावसाळी ढगांचा करडाही अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातूनच होतो, आणि हे मिश्रण कागदावर दाणेदार उतरतं, तेच हवं असतं.

आता कागद. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण शहरातून आलेला सल्ला आपल्या किनाऱ्यावर चालत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. जलरंगाच्या कागदाला पाणी लगेच शोषू नये म्हणून सायझिंग केलेलं असतं, म्हणजे जिलेटिनसारखा खळीचा थर. ओलाव्यात बुरशी त्यावर आधी तुटून पडते. वरून कागद चांगला दिसतो, पण रंग लावला की ठिपक्याठिपक्यांनी टीपकागदासारखा आत शोषला जातो, आणि मग काही करता येत नाही. विकत घेताना कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघावा. थेंब टिकला तर कागद जिवंत, पसरून आत गेला तर तो फक्त पेन्सिलीपुरता. याच कारणाने कागद मे महिन्यातच घ्या. पावसाळाभर दुकानात पडून राहिलेला कागद गणपतीत घेऊ नका.

तयार वहीपेक्षा स्वतः शिवलेली बरी. स्पायरलची तार खाऱ्या हवेत गंजते आणि पानांना तपकिरी डाग पडतात. स्टेपल आणि लोखंडी क्लिपचंही तेच. जलरंगाचा पूर्ण कागद ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा येतो. त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येक २८ बाय १९ चा होतो, तो मधे दुमडला की १४ बाय १९ ची दोन पानं. एका कागदात सोळा पानं, दोन कागदांत बत्तीस. पानाच्या दोन्ही बाजू वापरल्या की २७ नक्षत्रांच्या समोरासमोरच्या जोड्यांना अशी अठ्ठावीस पानं लागतात, म्हणजे दोन कागदांत वर्ष निघतं आणि चार पानं रंग तपासायला उरतात. २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कागद नीट दुमडला जातो. ३०० चा पाणी जास्त सोसतो, पण घडीवर हाड किंवा चमच्याची पाठ फिरवून दाबावं लागतं. दोन-दोन तुकडे एकात एक घालून सुती दोऱ्याने शिवा. शाळेच्या वह्या बांधणारा कोणी ओळखीचा असला तर तासाभराचं काम. आणि स्वतः कापून, शिवून केलेल्या वहीबद्दल माणसाला फार आदर वाटत नाही, हा फायदाच आहे. महागडी, कातडी पुठ्ठ्याची वही वर्षानुवर्षं कोरी ठेवलेले चित्रकार मला माहीत आहेत.

पावसाळ्यात वही लोखंडी कपाटात ठेवू नका. झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेने ते पुन्हा कोरडे करता येतात. पूर्वी बी-बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवत, ऊब मिळावी म्हणून. आता चूल नाही, पण टीव्हीचा सेटटॉप बॉक्स दिवसभर कोमट असतो, माझी वही त्याच्यावरच असते. रंगांची पत्र्याची डबी कडेने गंजते, प्लास्टिकची घ्या. मध घातलेले रंग पावसाळ्यात सुकतच नाहीत, चिकट राहतात आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी धरते. ट्यूबमधून वाटाण्याएवढा रंग काढायचा, काम झालं की डबी उघडी ठेवून सुकू द्यायची, ओली बंद करायची नाही. रंगाच्या खणात लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला तर बुरशी उशिरा येते.

आणि मग आषाढात बसायचं कसं? कागद किंचित ओला असतो, पेन्सिल रेघेऐवजी ओरखडा काढते. टोकदार कठीण पेन्सिल कागद फाडते, म्हणून २बी किंवा त्याहून मऊ. मेणाच्या रंगीत पेन्सिली या दिवसांत फार उपयोगी. पहिला हात दिला की तो अर्धा-अर्धा तास सुकत नाही, याला वैतागू नका. वर्षभरात ओल्यावर ओला रंग सोडायची अशी संधी दुसऱ्या वेळी मिळत नाही. ढग, समुद्राचा गढूळ पट्टा, धुक्यातली माडाची रांग हे पुनर्वसू-पुष्यातच काढून घ्यावं. पाण्याचा थेंब मागे सरकून रंगाला फुलकोबीसारखी कड येते, परीक्षेत त्याचे गुण कापतात, वहीत ती राहू द्या. पुनर्वसूला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा. दोघांत फरक काय ते पागोळ्यांकडे बघून तुमचं तुम्ही ठरवा आणि पानावर लिहा. हेअर ड्रायर वापरायची हुक्की येईल, पण त्या दिवसांत वीज असेलच असं नाही. वैशाखात सगळं उलटं होतं. रंग कुंचल्यावरून कागदावर पोचेपर्यंत वाळतो. तेव्हा कागद आधी ओला करायचा, मोठा कुंचला घ्यायचा आणि सकाळी साडेआठच्या आत काम आटपून उठायचं.

पावसाळ्यात बाहेर बसता येत नाही ही तक्रार मी मनावर घेत नाही. पडवीतून दिसतं तेवढं पुष्कळ आहे. खांबावर टांगलेलं इरलं, वळचणीचं शेवाळ, धुवून लख्ख झालेला जांभ्याचा चिरा. कोरडा जांभा नारिंगी-तपकिरी दिसतो, ओला झाला की जवळजवळ मरून. दोन्ही एकाच पट्टीत रंगवून ठेवा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहून कठीण होतो. तुमच्याकडे बांधकाम चालू असेल तर जुन्या-नव्या चिऱ्यांचे रंग शेजारी शेजारी काढता येतील.

माशांचं एक सांगते, कारण किनाऱ्यावरचा प्रत्येकजण ते काढायला जातो. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, म्हणून पहिली दोन-चार नक्षत्रं सुक्या मासळीवर काढा. सुका बोंबील आणि सोडे फार सोशिक मॉडेल आहेत, हलत नाहीत, रंग बदलत नाहीत, फक्त मांजरीकडे लक्ष ठेवावं लागतं. नवा हंगाम सुरू झाला की बांगडा घ्या, पण बाजारातून आल्या आल्या. त्याच्या पाठीवरची हिरवी-निळी झाक बघता बघता उतरते. आधी रंग शब्दांत लिहून घ्या, ‘पाठ: मोरपंखी, पट्टे काळपट, अंगाच्या लांबीने, पोट: रुपेरी, त्यात गुलाबी’, मग आकार, आणि रंगवणं मागाहून. घरच्यांनी कढईची वेळ सांगितली असेल तर ती पाळावी, त्या बाबतीत कलेला सवलत नसते.

गणपतीच्या दिवसांत वही आपोआप भरते. आमच्याकडे गणपतीवर माटवी बांधतात. तिच्यात आंब्याचे टाळे, सुपारीची शिपटं, नारळ आणि रानातून शोधून आणलेली फळं असतात. कवंडळाचं केशरी-लाल फळ मला दर वर्षी पुन्हा पुन्हा काढावंसं वाटतं. तुमच्याकडे तेरड्याची गौर आणत असतील, तर तिचा नुसता मुळांसकट उपटलेला तेरडा काढा, पूजेला बसवायच्या आधी. मुळं काढायची संधी एरवी मिळत नाही.

मग सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जाच. मेमध्ये काळाठिक्कर पडलेला कातळ उत्तरा-हस्तात निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो. निळी सीतेची आसवं आणि गेंदाची पांढरी बटणं उभ्या माणसाला नुसता रंग म्हणून दिसतात. तिथे पालथं पडून, नाक फुलाला लागेल इतक्या जवळून बघावं लागतं, आणि तोडायचं नाही. तोडलेलं फूल वहीपर्यंत येईस्तोवर मान टाकतंच. तुम्ही रत्नागिरीजवळ आहात म्हणजे कातळशिल्पंही हाकेच्या अंतरावर. उक्षी, जांभरूण, काशेळी. ती मात्र पाऊस सरून गवत वाळल्यावर, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघावीत, भर दुपारी रेघा दिसत नाहीत. काशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरल्यात. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तुम्हाला तिथे पाठवते ते यासाठी की कुठेही छटा नाही, खोली नाही, फक्त कडेची रेघ, आणि तरी वाघ वाघ आहे, पाकट पाकट आहे. शेडिंगवाचून चित्र अपुरं वाटण्याची खोड तिथे चांगली उतरते. खडूने रेघा उजळवू नका आणि शिल्पावर पाय देऊ नका.

हिवाळ्या-उन्हाळ्याबद्दल थोडक्यात आटपते, कारण तेव्हा साधनं त्रास देत नाहीत आणि विषय स्वतःहून समोर येतात. देवदिवाळीनंतर जत्रा आणि दशावतार सुरू होतात. रात्री अंधारात, कागदाकडे न बघता काढायची सवय तिथे लावा, सकाळी जे दिसेल ते. आंब्याचा मोहर तुम्हाला वेगळा शिकवायला नको, फक्त तारीख लिहा. पुढे पांगारा, काजूची बोंडं, शिमग्याची पालखी, सुरंगी. सुरंगीच्या कळ्या पहाटे, उमलायच्या आधी काढतात, तेव्हा फांदीवरची कळी हवी असेल तर तुम्हीही पहाटेच जा. मग रातांबे. कोकमाच्या रसाने रंगवायचा मोह सगळ्यांना होतो. एखादा फराटा मारा, पण तो रंग उजेडात उडतो. जांभ्याची तांबडी माती मात्र टिकते, कारण तो लोहाचा रंग आहे. माती पाण्यात कालवून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, त्याचा खाली बसलेला साका वाळवायचा, फडक्यातून चाळायचा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायचा. इथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर काव आणि चुन्याचं जे नक्षीकाम दिसतं, तो हाच तांबडा.

एक खेळ सांगते, डिझाइनच्या माणसाला तो लागू पडतो. सावंतवाडीचे गंजिफा पत्ते तुम्ही पाहिले असतील. दशावतारी संचात दहा रंगांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते, सगळे गोल. तुमचा हात चौकटीला, मार्जिनला, ग्रिडला इतका सरावलाय की पान दिसलं की तो आपोआप मांडणी करायला लागतो. स्वयंपाकघरातली वाटी पालथी घालून गोल काढा आणि त्यात विषय बसवा. गोलात कोपरे नाहीत, लोगो ठेवायला जागा नाही. पहिल्या काही वेळा हात गोंधळेल, तेवढ्यासाठीच हा खेळ.

रोज काढायचं का याचं उत्तर एव्हाना कळलं असेल. नाही. साडेतेरा दिवसांत दोन-तीनदा वीस मिनिटं मिळाली तरी पान भरतं. एखादं नक्षत्र कोरं गेलं तर मागे जाऊन भरू नका. त्यावर तारीख आणि कारण लिहा: ‘आश्लेषा. घरात ताप.’ ‘मघा. पेट्यांची ऑर्डर, डोकं वर काढता आलं नाही.’ हीही नोंदच. मागाहून फोनमधला फोटो बघून भरलेलं पान लगेच ओळखू येतं, सगळं सारख्याच काळजीने काढलेलं असतं. फोटो काढायला माझी ना नाही, पाऊस आला तर रंग आठवायला तो बरा, पण त्यावरून गिरवू नका. टॅबलेट तर या कामासाठी नकोच. तिथे चुकलेली रेघ पुसता येते, आणि पुसता येते म्हटलं की पाठीमागचे ते गृहस्थ पुन्हा हजर.

लोकांना दाखवण्याबद्दल दोन वेगळी माणसं डोळ्यासमोर आणा. बांधावर बसून काढत असताना येणारं-जाणारं माणूस वाकून बघणारच, आपल्याकडे त्याला विचारावं लागत नाही. बघू द्या. ‘माड वाकडो आसा, तुमी सरळ काढलास’ असं मला एका आजोबांनी सांगितलं होतं, आणि माड खरंच वाकडा होता. या माणसाला तुमच्या शैलीशी देणंघेणं नाही, त्याला माड माहीत आहे. शिवाय तो झाडाचं नाव सांगतो, गेल्या वर्षी कधी फुललं ते सांगतो, ते तिथेच लिहून घ्या. इन्स्टाग्रामवरचा माणूस यातलं काही करत नाही, त्याला पान सुंदर दिसायला हवं असतं. म्हणून वर्ष पुरं होईस्तोवर तिथे एकही पान टाकू नका. कडक वाटेल, पण तुम्ही पंधरा वर्षं पसंतीवर पोट भरलंय, तुम्हाला ती सवय अर्धवट सोडून चालणार नाही.

जमलं तर कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या. ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा तिथे आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीचे कागद भिंतीवर लावायला केलेले नव्हते. पोथीतून एकेक कागद समोर धरायचा आणि त्यावरून रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची. एका घटनेचं काम संपलं की पुढचा कागद. माझ्या मते अडलेल्या चित्रकाराने हे बघायलाच हवं: उपयोगासाठी, हाताळून मळण्यासाठी काढलेली चित्रं, आणि रेघेत काय जोर!

आता कॅलेंडर. पहिल्या वर्षी तो विचार बाजूला ठेवा, कारण छापायचं ठरलं की पुढच्याच नक्षत्रापासून तुम्ही पानं सजवायला लागाल. दुसऱ्या वर्षी नवी वही करू नका, हीच घ्या. त्यासाठी पहिल्या वर्षी प्रत्येक उजव्या पानाच्या कडेला तीन बोटं जागा मोकळी ठेवायची. त्या पट्टीत दुसऱ्या वर्षीच्या त्याच नक्षत्राची नोंद. मोहर गेल्या वर्षी मूळ नक्षत्रात आला होता, यंदा कधी? भारंगी आधी की नंतर? अवकाळी पाऊस कुठल्या पानावर पडला? या पट्टीत मजा येते तेवढी पहिल्या वर्षी येत नाही, कारण आता तुम्ही वाट बघत असता. झाडांच्या नोंदी करायची गोडी लागली तर सीझनवॉच नावाचा उपक्रम भारतभरच्या लोकांकडून झाडांना पालवी, फुलं, फळं कधी येतात ते गोळा करतो, त्यात तुमच्या दारच्या फणसाची भर घालता येईल. आणि तरीही कॅलेंडर करावंसं वाटलं तर वहीची पानं स्कॅन करून छापू नका. वही समोर ठेवून, वेगळ्या मोठ्या कागदावर, गिऱ्हाइकासाठी म्हणून नव्याने चित्रं काढा, आणि त्याचे पैसे नेहमीच्या दराने लावा.